आखाजीचं ऊन आणि अ‍ॅक्रिलिकचं रिफिल

आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, लावलेला अ‍ॅक्रिलिक नखांचा सेट अजून हातावर आहे. मधे रिफिल झालं, म्हणजे नख वाढून मागे पडलेली फट भरली, रंग बदलला, लांबी थोडी कमी केली. नवीन शिकणारीने जळगावच्या मे महिन्यात घरी अ‍ॅक्रिलिक सांभाळायचं म्हणजे आधी वेळ सांभाळायची, नेल आर्ट नंतर.

अ‍ॅक्रिलिकला लॅम्प लागत नाही. लिक्विड आणि पावडर एकत्र आली की ते आपोआप घट्ट होतं, आणि गरमीत फारच पटकन. पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना भर दुपारी ब्रशवर बीड, म्हणजे या मिश्रणाचा ओला गोळा, उचलला, तर क्यूटिकलपाशी, नखाच्या मुळाच्या कातडीपाशी, दाबेपर्यंत तो आवळून जातो. म्हणून मी सकाळी लवकर बसते. खिडकी उघडी, कारण वास डोक्यात जातो. कूलर बंद, त्याची दमट हवा नखावर बसली की कडा सुटतात. लिक्विड वाटीत थोडंच घ्यायचं, झाकून ठेवायचं आणि गॅसपासून लांब, ते पेट घेतं.

नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत मागे फट दिसते. फट दिसायला वाईट, पण खरी भानगड वेगळी: नखाचा जाड उंचवटा पुढे सरकतो, भार टोकावर येतो आणि डबा उघडताना नख मोडतं.

रिफिलमध्ये निम्म्याहून जास्त काम घासण्याचं. नख उजेडात तिरपं धरलं की सुटलेला भाग पांढुरका दिसतो. तेवढाच १८० ग्रिटच्या (खरखरीतपणाचा आकडा) फाइलने हळूहळू काढायचा. उचकटायचा अजिबात नाही, खालच्या नखाचा पापुद्रा सोबत येतो. जुन्या अ‍ॅक्रिलिकची पायरी अंगठ्याला लागेनाशी झाली की धूळ झटकायची, नखावरची ओल-तेल काढणारं डिहायड्रेटर, पकड देणाऱ्या प्रायमरचा इवलासा स्पर्श, आणि कातडीपासून केसभर जागा सोडून बीड. ही केसभर जागा महत्त्वाची. ओलं लिक्विड वारंवार कातडीला लागलं तर अ‍ॅलर्जी होते, ती जन्माची, आणि पुढे दातांच्या कामातलं अ‍ॅक्रिलिकही सोसेनासं होऊ शकतं. खाली हिरवट डाग दिसला तर त्यावर नवीन थर चढवू नका. तिथे ओल साचून जिवाणू वाढलेत, त्या नखावरचं अ‍ॅक्रिलिक पूर्ण काढायचं.

स्वस्तातलं बिनलेबलचं लिक्विड घेऊ नका. त्यात एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) असू शकतं, नखं दगडासारखी होतात आणि अ‍ॅसिटोनमध्ये सुटता सुटत नाहीत. ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) लिहिलेलंच घ्या.

आजी फाइलचा आवाज ऐकून डोकावते, "काय करी राहिनी वं माय?" तिला काळजी भाकरीची. कळण्याची भाकरी थापायला अडचण येत नाही, तळवाच चालतो. पीठ मळताना मात्र ते नखाखाली जाऊन वाळतं. जुना टूथब्रश आणि कोमट पाणी. भरताच्या भाजलेल्या वांग्याची सालं चमच्याने काढते. हळदीचा पिवळेपणा टॉप कोटवर बसला तर घाबरू नका, उन्हात तो बराच फिका पडतो, आणि ऊन आपल्याकडे फुकट आहे. रात्री क्यूटिकल ऑइल, रोज.

पावसाळ्यात हा सेट उतरवणार: वरचा थर घासून, अ‍ॅसिटोनमधला कापूस नखावर, वरून फॉइल, वीस-तीस मिनिटं. मग श्रावणात कानबाईच्या सणाला नवा, बदामी आकाराचा, याच्या निम्म्या लांबीचा. त्या आकाराला टिप (चिकटवायचं प्लास्टिकचं टोक) बरी की फॉर्म (नखाखाली लावायचा कागदी साचा), कुणी करून पाहिलंय का?