मंदीत आधी थांबतात ते व्यवहार
मंदी आली की घरांचे भाव लगेच कोसळतात, हा समज चुकीचा आहे. आधी घटतात ते व्यवहार, कारण विकणारा जुन्या भावाला धरून बसतो आणि घेणारा तो आणखी उतरण्याची वाट पाहतो. अमेरिकेत घरविक्री २००५ मध्ये शिखर गाठून घटू लागली, किमती मात्र २००६ पर्यंत चढत होत्या. म्हणून खरेदीदाराने जाहिरातीतल्या आकड्याऐवजी त्याच परिसरात नुकत्याच नोंदलेल्या व्यवहारांची रक्कम पाहावी. मंदीत घर निवांत तपासताही येते. एका घरात मी खिडकीखालचा ताजा रंग बोटाने दाबून पाहिला, तर आतला गिलावा ओला होता; तेजीत एवढी सवड मिळत नाही. विक्रेत्याने पहिल्याच दिवशी वाजवी भाव सांगावा, कारण दरमहा थोडी थोडी कपात केली की घरातच खोट असल्याचा संशय बळावतो.