सनईवाल्याची सेट

आमच्या घरात सनई पिढीजात. अमळनेरच्या आसपास लग्न निघालं की आबांकडे सुपारी यायचीच. त्यामुळे मी एम.ए. संगीत करून कॉलेजात शिकवायचं म्हणतोय, हे गल्लीत कळल्यावर शेजारचे काका हसले : "सनई वाजाडीसन कोन्ही प्रोफेसर व्हस का रे भो?"

होतो. त्याला दोन वाटा आहेत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत संगीतासाठी खास सोय आहे : पदवी असलेला कलावंत, नामवंत गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी किंवा दूरदर्शनचा 'ए' ग्रेड मिळालेला आणि विषय तर्काने समजावून सांगू शकणारा असेल, तर तोही सहायक प्राध्यापकपदाला पात्र धरतात. ऐकायला ही वाट सोपी वाटते. पण रेडिओची चढण बी, बी-हाय, ए, टॉप अशी आहे आणि 'ए'पर्यंत पोचता पोचता अनेकांचे केस पिकतात. जळगावला आकाशवाणी केंद्र आहे, तेव्हा ऑडिशनचा फॉर्म मीही भरलाच. पण पोटापाण्याचा भरवसा त्यावर ठेवला नाही. दुसरी वाट नेट-सेटची, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या देशपातळीवरच्या किंवा राज्यपातळीवरच्या पात्रता परीक्षेची. मी सेट धरली.

सेटला पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, चुकलं तरी गुण कापत नाहीत. पहिल्या पेपरात तर्क, आकडेमोड, अध्यापन, संशोधन. वाजवणाऱ्याचा खरा घाम तिथेच निघतो. दुसऱ्यात मात्र मजा आली. शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला, तेराव्या शतकात. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेलं की ती देवगिरी! म्हणजे वाद्याध्यायासकट सात अध्यायांचा हा ग्रंथ आमच्या शेजारी झाला, आणि आम्ही तो परीक्षेसाठी पहिल्यांदा उघडला.

अभ्यासक्रमात पाश्चात्त्य संगीतही येतं. तिथे ओबो भेटला, सनईसारखंच पत्तीचं फुंकवाद्य. खानदेशात ओबो वाजवणारा माझ्या तरी पाहण्यात नाही. मी तो मोबाइलवर पाहिला आणि ऐकला. ऑर्केस्ट्रात सगळे त्याच्याच 'ए' स्वराला आपापली वाद्यं लावतात. पण मी खिळलो ते पत्तीपाशी, तोंडात धरून फुंकायच्या टोकापाशी. त्यांचीही पत्ती जोडपत्तीच, बोरूसारख्या गवताच्या दोन पापुद्र्यांची. तिकडचे वादक स्वतः सुरी घेऊन ती तासतात, वाजवून बघतात, पुन्हा तासतात. आबा ओट्यावर बसून दुसरं काय करायचे? पत्ती जाड राहिली की फुंकून फुंकून गाल दुखायचे, पातळ झाली की सूर चिरका व्हायचा. त्यात आमचा वैशाख. बाहेर पंचेचाळीस अंश, वऱ्हाड पारावर, आणि एक चीज संपून दुसरी सुरू होईपर्यंत पत्ती वाळून कडक. म्हणून आबा दोन-तीन पत्त्या दोऱ्याने सनईलाच बांधून ठेवत आणि एक कायम ओठात ओली धरून. पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा तंबाखू चघळतोय.

सेट निघाली. एवढ्याने नोकरी मिळत नाही, हे सांगायला नकोच. नॉन-क्रिमीलेअरची मुदत, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती, अर्जाची हार्ड कॉपी पोस्टाने, असले सोपस्कार सगळ्यांच्याच वाट्याला येतात. मुलाखतीला जाताना मी सनई नेली. फाइल नेतात सगळेच.

नमुना पाठाला विषय दिला सुषिर वाद्यं, म्हणजे फुंकून वाजवायची. मी आधी पत्ती काढून ठेवली आणि नुसत्या सनईत फुंकलं, फुस्स. मग नुसती पत्ती वाजवली. बदकासारखा आवाज, पॅनेलवर हशा. मग दोन्ही जोडून एक सा धरला. समोरच्या मॅडमनी विचारलं, "ओबोला किल्ल्या आहेत, तुमच्याकडे नुसती भोकं. कोमल ऋषभ आणता कुठून?" मी भैरव रागातला तो ऋषभ, म्हणजे खालचा रे, वाजवून दाखवला : बोट भोकावरून अर्धंच सरकवायचं, ओठाने पत्ती किंचित दाबायची, आणि तो आंदोलित, म्हणजे हलका झुलता, ठेवायचा. किल्लीने ठरावीक स्वर नेमका, चटकन मिळतो. आम्हाला तो दोन स्वरांच्या मधून ओढून आणता येतो. कुठलं वाद्य थोर, असला वाद मी घातला नाही. तो वाद रिकामटेकड्यांचा. दोन्हीकडे अर्धी विद्या सुरीत आणि ओठांत आहे, एवढंच सांगितलं.

निवड झाली, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घ्याल तितकेच पैसे, आणि वर्ष संपलं की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. कायम जागेची जाहिरात निघेल तेव्हा निघेल. पहिल्या वर्गात गायनाला मुली भरपूर, सनईला एकच पोरगा, तोही बँड पार्टीतला. त्याला मी आधी राग शिकवला नाही, सुरी हातात दिली. आबांना हे पटलं. मानधनाचा आकडा मात्र पटला नाही. एका लग्नाच्या सुपारीशी ताडून पाहिला त्यांनी. म्हणून लग्नसराईतल्या तारखा मी अजूनही घेतो, फक्त तासिका नसेल त्या दिवशीच्या.