तुम्ही विचारलंत म्हणून: तळ्याकाठची माणसं एवढी एकत्र कशी?

तळ्याकाठी राहते म्हटलं की लोक आधी म्हणतात, "वा, रोज किती सुंदर दिसत असेल!" मग कधीतरी घरी येतात, दिवसभर थांबतात, काठावर एक फेरी मारतात आणि निघताना वेगळंच विचारतात: "तुमच्याकडे सगळे एकमेकांना इतके ओळखतात कसे? वर्षभर एकत्र करता तरी काय?" पाहुणे विचारतात, भाड्याने घर शोधायला आलेले विचारतात. एका शाळकरी मुलीने प्रकल्पासाठी विचारलं, तेव्हा तिला घाईघाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि नंतर चुटपुट लागून राहिली. म्हणून आता नीट लिहिते.

बहुतेकांचा अंदाज असतो की तळ्याचं दृश्य माणसांना जवळ आणतं. मला ते पटत नाही. दृश्य ज्याला त्याला आपापल्या गॅलरीतून दिसतं, त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावं लागत नाही. माणसं बांधली जातात ती पाण्याने. तळं म्हणजे त्या परिसरातली सगळ्यात खोलगट जागा. वरच्या उतारावर जे सांडतं, धुतलं जातं, फेकलं जातं, ते आज ना उद्या तिथे उतरतं. माझ्या कुंड्यांमधलं खत आणि चार गल्ल्या पलीकडच्या घरातलं कपडे धुतलेलं पाणी शेवटी एकाच ठिकाणी पोचतं. तेव्हा ज्याच्या खिडकीतून तळं दिसतही नाही, तोसुद्धा तळ्याकाठचाच. हे एकदा वस्तीला पटलं की मग माणसं एकमेकांकडे जायला लागतात, कारण जावंच लागतं.

आमचं वर्ष पहिल्या पावसाच्या आधी सुरू होतं. कोरड्या महिन्यांत रस्त्यांवर साचलेली धूळ, गाड्यांचं तेल, टायरचा भुगा, कुत्र्यांची घाण, कुजलेला पाला हे सगळं पहिल्या मोठ्या सरीबरोबर वाहून येतं. पहिल्या तासाभराचं पाणी वर्षातलं सगळ्यात घाण पाणी असतं. म्हणून त्याआधी गल्लीगल्लीतली गटारं उपसायची, जाळ्या मोकळ्या करायच्या आणि पाला गोळा करायचा. पाला गटारात लोटायचा नाही, यावर आमच्याकडे फार कटाक्ष असतो. नवीन राहायला आलेल्यांना ते अतिरेकी वाटतं. झाडाचाच पाला, त्याने पाण्याचं काय बिघडणार?

बिघडतं, आणि ते फॉस्फरसमुळे, कारण त्यावर पाण्यातलं शेवाळ पोसलं जातं. पाल्यात तो असतो, खतात असतो, सांडपाण्यात असतो, वाहून आलेल्या मातीलाही चिकटलेला असतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली छोटी तळी आहेत. त्यांतलं २२६ क्रमांकाचं तळं मध्ये चिंचोळं आहे. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्या चिंचोळ्या जागी प्लास्टिकचा पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, एकात मात्र त्याच्या जोडीला फॉस्फरसही. त्याच मोसमात तो भाग शेवाळाने हिरवागार झाला, पलीकडचा तसाच राहिला. विमानातून काढलेला तो फोटो मी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. एकच तळं, मध्ये एक पडदा, आणि दोन रंग. तो पाहिल्यावर पाल्याबद्दल कुणी वाद घालत नाही.

दुसरी एक गोष्ट मला त्याहूनही जवळची वाटते. अमेरिकेत सिएटल शहराच्या कडेला लेक वॉशिंग्टन आहे. १९५० च्या दशकात त्याच्या भोवतालच्या वस्त्या आपापलं सांडपाणी प्रक्रिया करून त्यात सोडत. कागदावर सगळं नियमानुसार होतं, पण त्या प्रक्रियेत फॉस्फरस निघत नव्हता. १९५५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डब्ल्यू. टी. एडमंडसन यांच्या गटाला पाण्यात एक विशिष्ट जिवाणू सापडला. युरोपातली तळी बिघडायच्या आधी त्यांतही तोच दिसला होता. पुढे काय होणार, हे एडमंडसन यांनी स्पष्ट सांगितलं. पण काठावरच्या प्रत्येक गावाची हद्द वेगळी, तिजोरी वेगळी. सगळ्यांनी मिळून एक यंत्रणा उभारायची तर मतदान घ्यावं लागणार होतं. मार्च १९५८ मध्ये प्रस्ताव पडला. कार्यकर्ते, त्यांत स्त्रियांच्या संघटना मोठ्या प्रमाणावर, पुन्हा दारोदार फिरले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने तळ्यातून वळवण्यात आलं. साठच्या दशकाच्या मध्यावर जेमतेम मीटरभर खोलीपर्यंतही दिसत नसे, ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तीन मीटरच्या आसपास दिसू लागलं.

मला यात विज्ञानाइतकंच मोठं वाटतं ते हे, की आपल्या गावापलीकडचा विचार करायला लोक दुसऱ्या फेरीत तयार झाले. पहिल्या नकाराने खचले असते तर आज ते तळं पाठ्यपुस्तकांत वेगळ्याच कारणासाठी आलं असतं.

पाऊस सरला की जलपर्णी काढायचं काम निघतं. आमच्या वस्तीचा खरा मेळा हाच. दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेली ही वनस्पती, जांभळ्या फुलांमुळे कौतुकाने नेली गेली. पोषक पाणी मिळालं तर दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. वरून गालिचा पसरते आणि खाली उजेड पोचत नाही. तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतं, म्हणून फुलं यायच्या आत काढलेली बरी.

काढायचीही रीत आहे. पानं धरून ओढलं की देठाचे फुगे तुटून हातात येतात आणि मुळं पाण्यात राहतात. हात खाली घालून दोन रोपांना जोडणारी आडवी दांडी शोधायची. ती सापडली की एकामागून एक रोपं माळेसारखी येतात, खाली काळपट जांभळ्या मुळांच्या झुपक्यांसकट. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे एक पाटी उचलायला दोघं लागतात. पोहता येणारे पाण्यात, त्यांच्यामागे कंबरभर पाण्यात रांग, मग काठ, मग उतारावर पाट्या वाहणारे. ढीग काठापासून लांब घालायचा, नाहीतर कुजलेला रस पावसात परत तळ्यातच येतो. वयस्क मंडळी ढिगापाशी बसतात आणि मुलांना घेऊन मुळं झटकतात. त्यांत गोगलगायी असतात, चतुरांची पिल्लं, बोटभर मासे. मुलं ती बादलीत घेऊन पुन्हा पाण्यात सोडतात. कोणत्या पिल्लाचा पुढे चतुर होतो आणि कोणत्याचा डास, हे आमच्याकडची लहान मुलं पुस्तकात न पाहता सांगतात.

याच वेळी दरवर्षी एक वाद हमखास होतो. "काढतोच आहोत तर काठावरचं गवत, पाणकणीस, लव्हाळं पण साफ करून टाकू, छान मोकळं दिसेल." मी यात एका बाजूची आहे आणि ती लपवत नाही. काठावरची मुळं माती धरून ठेवतात, वरून येणारं पाणी अडवून गाळतात, माशांना अंडी घालायला आणि पाणकोंबड्यांना घरटी करायला तीच जागा लागते. काठ सिमेंटने बांधून वर फरशी बसवली की तळ्याचं टाकं होतं. चालायला वाट हवी, होडी लावायला जागा हवी, तेवढी मोकळी करावी आणि बाकीचा काठ तसाच राहू द्यावा. दरवर्षी मी हेच बोलते, दरवर्षी कुणीतरी कुरकुरतं, आणि वाटेची रुंदी मोजून ठरते.

थंडी आली की कामं हलकी होतात. जानेवारीत पक्षी मोजायचे. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ पासून चालू आहे, तिचा आशियाई भाग १९८७ पासून, आणि दोन्ही मुख्यतः हौशी माणसांच्या जिवावर. पहाटे दुर्बीण घेऊन बसलेल्यांत एरवी कुठल्याच बैठकीला न येणारे चेहरे दिसतात. थापट्या बदक कोणतं आणि तलवार बदक कोणतं यावर कुजबुजत भांडण होतं, आणि दोघांचं एकमत होईपर्यंत आकडा लिहायचा नाही असा नियम आहे. २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो, १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर इथे झालेल्या पाणथळ जागांच्या कराराची ती तारीख. त्या दिवशी आम्ही गणनेचे आकडे वाचून दाखवतो.

पाण्याच्या पोटातही थंडीत मोठी घडामोड होते. गरम दिवसांत खोल तळ्याचं वरचं पाणी तापून हलकं होतं आणि तळच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखं बसून राहतं. तळाशी हवा पोचत नाही, तिथला प्राणवायू संपत जातो. थंडीत वरचं पाणी गार होऊन जड झालं की वाऱ्याच्या जोरावर दोन्ही थर मिसळतात. ज्या तळ्यांवर बर्फ धरतो, तिथे ही उलथापालथ वर्षातून दोनदा होते. पाणी चार अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं आणि बर्फ पाण्याहून हलका, म्हणून बर्फ वर तरंगतो आणि खाली मासे तग धरतात. जपानमधल्या सुवा तळ्यावर १४४३ पासून शिंतो पुजारी तळं गोठल्याच्या नोंदी ठेवत आले आहेत. अलीकडच्या दशकांत ते पुरतं न गोठण्याचे हिवाळे वाढले, हे जगाला इतक्या खात्रीने कळलं ते त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींमुळे.

आता उन्हाळा. पोहणं, होड्या, संध्याकाळची गर्दी, हे सगळं बाहेरून दिसतंच. मला सांगायचंय ते त्या दिवसाबद्दल, जेव्हा पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय दिसते. तिला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, पण बऱ्याचदा ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित जिवाणू असतात आणि त्यांतले काही विष तयार करतात. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी तळ्यातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात हे विष सापडलं आणि चार लाखांहून जास्त लोकांना दोनेक दिवस ते पाणी न पिण्याची सूचना द्यावी लागली. उकळूनही उपयोग नव्हता. उकळल्याने विष जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. त्यामुळे आमच्याकडे साय दिसली की जो पहिल्यांदा पाहील त्याने आधी लहान मुलं आणि कुत्री असलेल्या घरांना कळवायचं, मग बाकीच्यांना. कुत्रं पाण्यातून बाहेर येऊन अंग चाटतं, म्हणून त्याला धोका सगळ्यात जास्त. कुणाच्या घरी कुत्रं आहे आणि कुणाकडे रांगणारं मूल, हे आम्हाला पाठ असतं, त्यामागचं एक कारण हेही आहे.

भांडणं होतात का? भरपूर होतात. मासे धरणाऱ्यांना पोहणारे नको असतात, पहाटे फिरणाऱ्यांना रात्रीचे दिवे आणि गाणी नको असतात. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच सामाईक गोष्टींच्या अभ्यासासाठी. पाणी, कुरणं, मासेमारी यांचे नियम वापरणाऱ्यांनी स्वतः ठरवले, एकमेकांवर लक्ष ठेवलं, पहिल्या चुकीला सौम्य आणि वारंवारच्या चुकीला कडक वागणूक दिली आणि तंटा जवळच्या जवळ, फारसा खर्च न होता मिटवायची सोय ठेवली, तर सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते, असं त्यांनी जगभरची उदाहरणं तपासून दाखवलं. आमच्या काठावरच्या बैठका कंटाळवाण्या असतात, लांबतात, आवाज चढतात. तरी मी एकही चुकवत नाही, कारण तंटा तिथेच मिटतो.

एवढं ऐकून घेतलेले लोक शेवटी विचारतात, "आमच्याकडेही तळं आहे. सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: तबकडीपासून. आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून समुद्रात तबकड्या सोडून पाणी किती पारदर्शक आहे ते मोजलं. आजही जगभर हीच पद्धत वापरतात. वीस सेंटिमीटर व्यासाची जड तबकडी घ्या, तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, मधोमध दोरी बांधा आणि दोरीवर दर दहा सेंटिमीटरला खूण करा. दुपारच्या सुमारास, होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून तबकडी हळूहळू सोडा. दिसेनाशी झाली की खोली वाचा, मग वर ओढून पुन्हा दिसू लागली की परत वाचा, आणि दोन्हींची सरासरी लिहा. जागा दर वेळी तीच ठेवा, जमलं तर माणूसही तोच. पहिल्या पावसानंतर आकडा कसा घसरतो ते पहिल्याच वर्षी दिसेल.

आकडे वस्तीच्या फलकावर लावत चला. कुणीतरी थांबून विचारेलच, की या वेळी इतकं कमी का. त्याला पुढच्या वेळी होडीत घ्या. दोरी धरायला दुसरा माणूस लागतोच.