वळिवड्याच्या दोन पोरी: लेखनाची नोंद

मुलांसाठी लिहीत असलेल्या माझ्या गोष्टीचा मसुदा मे १९४४ पर्यंत आलाय. तानी अकरा वर्षांची झाली, हान्काला मराठीत भांडता येऊ लागलं, आणि आपापले वडील नेमके कुठे आहेत हे दोघींनाही ठाऊक नाही.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. जवळपास पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने १९४० पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानकडे नेली होती. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर चढाई केली, त्यानंतर त्यांची सुटका झाली. पुरुष पोलिश जनरल आंदर्स यांच्या फौजेत गेले. बायकामुलं इराणमार्गे कराचीला उतरली आणि त्यातली काही इथे आली. हान्का त्यांच्यातली, पण माझ्या मनातली. तानीही मनातलीच, पण वळिवड्याची. तिचे आबा बेळगावला मराठा पलटणीत भरती झालेले.

सुरुवातीपासून एक नियम पाळतेय: युद्ध उंबऱ्याच्या आत जेवढं आलं तेवढंच लिहायचं. मुलांच्या युद्धकथेत दहा वर्षांचा नायक हेर पकडून देतो, गुप्त निरोप पोचवतो. त्या गोष्टी मुलं आवडीने वाचतात, पण घरातला कर्ता माणूस चार वर्षं नसतो म्हणजे काय, हे त्यांतून कळत नाही. मनिऑर्डर आली की अंगठा कोणी उठवायचा, आज्जीने की आईने? माझं अख्खं तिसरं प्रकरण यावरच आहे, आणि त्यातला ताण मला कुठल्याही लढाईपेक्षा कमी वाटत नाही.

या नियमामुळे काळ कसा दाखवायचा तेही सुटलं. रॉकेल मिळत नाही, म्हणून तानीचा अभ्यास दिवस मावळायच्या आत. १९४० मध्ये कागदी रुपया निघाला, त्यावर आज्जीचा विश्वास नाही. नोट हातात पडली की ती घरात ठेवायची नाही, त्याच दिवशी तिचं धान्य करायचं. १९४३ मध्ये तांबं वाचवायला भोकाचा पैसा आला, तो तानीने दोऱ्यात ओवून गळ्यात घातलाय. तारीख कुठेच सांगितलेली नाही. तरी इतिहासाच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं तर साल बरोबर निघेल, एवढी काळजी घेतलीय.

सगळ्यात जास्त वेळ गुऱ्हाळाच्या प्रकरणाने घेतला आणि तेच मला सर्वांत आवडतं. सायबेरियातली उपासमार नऊ-दहा वर्षांच्या वाचकाला कशी सांगायची, हा प्रश्न होता. हान्काच्या तोंडी लांबलचक आठवण घालायची नव्हती. तिकडून आलेली कितीतरी मुलं पोटभर मिळायला लागल्यावरही उशीखाली पाव लपवून ठेवत, हे वाचलेलं डोक्यात होतं. मग तिला थंडीच्या दिवसांत तानीबरोबर गुऱ्हाळावर पाठवलं. चुलवाणात चिपाडं धडधडतायत, काहिलीतला रस उसळ्या मारतोय, गुळव्या हाताने थांबा म्हणतोय. वाफ्यात ओतलेला गूळ अजून मऊ असताना तानीची आई पळसाच्या पानावर एकेक गोळा देते, सोबत मूठभर शेंगा. तानी तिथेच चाटूनपुसून खाते. हान्का अर्धा खाते आणि उरलेला पानासकट खिशात घालते.

सकाळी तिच्या उशीपासून दारापर्यंत मुंग्यांची रांग. तिची आई उशी उचलून बघते आणि बोलत काहीच नाही, कारण उशीखाली काहीच नसलेले दिवस तिनेही पाहिलेले आहेत. तानीची आज्जी दूध घालायला आलेली असते. ती खाली वाकून बघते, घरी जाते आणि चार पत्र्याची डबडी घेऊन परत येते. "ऱ्हाऊ दे की गूळ उशाला. खाटंच्या पायाखाली पाणी ठिवा, मुंग्या चढत न्हाईत." हान्काच्या आईला एक शब्द कळत नाही, पण ती खाट उचलून धरते. सायबेरियाचा उल्लेख या प्रकरणात एकाच वाक्यात आहे. वाचणाऱ्या पोराने "ती गूळ का लपवते?" असं घरी विचारावं आणि मोठ्यांनी उत्तर द्यावं, अशी माझी इच्छा आहे.

संवाद कोल्हापुरी, निवेदन प्रमाण मराठीत. संवाद कोल्हापुरी ठेवावेत का, यावर बरंच बोलून झालंय. मी ठाम आहे.

आता ज्या प्रकरणात गुंतलेय ते पत्रांचं. आबांना लिहिता येत नाही, त्यांचं पत्र पलटणीतला सोबती लिहितो आणि गावात गुरुजी वाचून दाखवतात. वडील आणि मुलगी यांच्यामध्ये दोन परकी माणसं, आणि वर सेन्सॉर. गावाचं नाव खोडलेलं. तरी एवढं उरतं की नदी आहे, आणि डोंगरावर मोठं पडकं देऊळ आहे. हान्काच्या वडिलांच्या पत्रातही डोंगर आणि त्यावरचा पडका मठ.

हा योगायोग मी जुळवून आणलेला नाही, आणि हेच मला या विषयाकडे ओढणारं होतं. ११ मे १९४४ च्या रात्री इटलीत दोस्त राष्ट्रांचा जर्मनांवर मोठा हल्ला सुरू झाला. आठवी इंडियन डिव्हिजन खाली गारी नदी ओलांडत होती, आणि पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण याच डिव्हिजनमध्ये होती. वर माँटे कॅसिनोच्या डोंगरावर आंदर्स यांची पोलिश कोअर लढत होती. १८ मे रोजी मठाच्या अवशेषांवर पोलंडचं निशाण लागलं. एकीचा बाप डोंगरावर, दुसरीचा पायथ्याला, आणि दोघांचीही घरं वळिवड्यात. पोरींनी दोन पत्रं शेजारी ठेवून ते ओळखायचं, पण मोठ्यांना पटत नाही, असा प्रसंग बांधतेय.

त्याच वर्षी जुलैत इटलीतल्याच टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आलं आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अनेकांनी त्यांच्यावर प्रकरण लिहायला सुचवलं. त्यांच्याबद्दल मनात फार आदर आहे, पण आमची पोरं त्या रणांगणावर नाहीत. गुरुजी वर्तमानपत्रातून ती बातमी वाचतात आणि तानीची आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरते. तेवढंच ठेवणार.

शेवटाबद्दलही ठरलं. मे १९४५ ला थांबायचं नाही. तानीसाठी युद्ध संपतं, आबा लंगडत का होईना घरी येतात. हान्काचं गाव मात्र दोस्त राष्ट्रांच्या याल्टाच्या वाटाघाटींनंतर सोव्हिएत हद्दीत गेलेलं. तिला परतायला घरच नाही. वाचणारं मूल विचारणारच, की मग ती घरी गेली का? त्याचं खरं उत्तर द्यायचं तर १९४८ पर्यंत जावं लागतं, छावणी उठून माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेला पांगली तिथपर्यंत. आणि त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं राहायला आली. आजच्या गांधीनगरचा कापडबाजार त्यांचाच. शेवटच्या प्रकरणात तानी पंधरा वर्षांची असेल आणि ओळखीच्या व्हरांड्यात एक नवी मुलगी असेल. तिचं नाव अजून सुचलेलं नाही.

कोणाच्या घरी त्या परिसरातल्या, त्या वर्षांतल्या आठवणी निघत असतील तर मला तारखा नकोत, त्या जमल्या आहेत. दळण कुठे न्यायचे, छावणीत दूध मापाने द्यायचे की उकत्यावर, पावसाळ्यात पंचगंगा चढली की शाळेत कसं जायचे, हे हवंय. पत्रांचं प्रकरण पुरं झालं की पुढची नोंद टाकते.