पावणेतीन क्विंटल हळद

सहावीतला मुलगा, तिसापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणणारा, आणि गणिताच्या घटक चाचणीत वीसपैकी चार. अशी मुलं माझ्याकडे नेहमी येतात. या वेळी आईबरोबर आजोबाही आले होते, म्हणून तो शनिवार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

सांगलीत गावभागात मी घरीच मुलांना घेऊन बसते. शाळेचा गृहपाठ मी करून घेत नाही, त्यामुळे याला शिकवणी म्हणत नाही. गणिताची धास्ती घेतलेली चौथी ते आठवीची मुलं येतात. पहिल्या बैठकीला घरातलं कुणीतरी शेजारी बसलंच पाहिजे, ही माझी अट. बऱ्याच पालकांना ती जाचते, त्यांना मूल सोडून बाजाराला जायचं असतं. पण मूल कुठे अडलंय ते वहीत कळतं, आणि भीती कुठून आली ते घरचं माणूस शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

मी नवी परीक्षा घेत नाही. चुकांनी भरलेली जुनी वही मागते. चुकीच्या उत्तरालाही नियम असतो. ४०२ वजा १६८ बरोबर ३६६ लिहिणारं मूल निष्काळजी नसतं. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून ते आठातून दोन काढतं. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहातून शून्य. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. हा नियम सापडला की हातचा कुठे शिकायचा राहिला तेही सापडतं. वह्यांवर मात्र मला सगळ्यात जास्त दिसणारा शेरा म्हणजे ‘लक्ष देऊन सोडव’. तो वाचून आजवर कुणाची वजाबाकी सुधारलेली मी पाहिली नाही.

या मुलाची वजाबाकी ठीक होती. गाडी अपूर्णांकांपाशी अडली होती. १/३ + १/४ = २/७. वरचे वर मिळवले, खालचे खाली.

“सात आठे?” मी विचारलं. ओठ हलायला लागले, सात एके सातपासून. छप्पन्न आले. “मग आठ आठे?” पुन्हा आठ एके आठपासून. छप्पन्नात आणखी एक आठ मिळवायचे, हे त्याला सुचलंच नाही. “सात आठे छप्पन्न येतील अशी एखादी गोष्ट सांग बघू.” तो आईकडे बघायला लागला.

“मॅडम, माझंच आलंय त्याच्यात,” आई म्हणाल्या. “मला कधी गणित जमलंच नाही.”

हे वाक्य मुलासमोर बोलायचं नाही, असं मी प्रत्येक घराला सांगते. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. गणिताची धास्ती असलेले पालक जिथे वारंवार गृहपाठाला मदत करत होते, तिथली मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची स्वतःची धास्ती वाढली. असे पालक जिथे वारंवार मदतीला बसत नव्हते, तिथे हा परिणाम दिसला नाही. हे सांगितलं की पालकांना वाईट वाटतं, पण मला त्यातून दिलासा मिळतो. आईने गणित शिकवायलाच हवं असं नाही. ‘तू हे कसं केलंस?’ एवढं विचारलं तरी खूप आहे.

“बाई, रोज दिवेलागणीला मी बसवतो त्याला,” आजोबा म्हणाले. “चुकला की पहिल्यापासनं. आम्हाला असंच शिकवलं. पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या, पाऊणचे पाढे, सगळं तोंडपाठ हाय अजून. याचंही पाठ हाय. मग नडतंय कुठं?”

आजोबांची हयात मार्केट यार्डात, हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून गेलेली. माणूस कडक, पण नातवासाठी जीव तुटणारा. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी तोंडाने सांगितलं असतं तर त्यांचा अपमान झाला असता. म्हणून मी त्यांनाच गणित घातलं.

“काका, हळदीचा दर साडेतेरा हजार क्विंटल. माल पावणेतीन क्विंटल. हिशेबपट्टी किती रुपयांची?”

“सदतीस हजार एकशे पंचवीस.” माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

पोरगा सरळ होऊन बसला. “आबा, कसं केलं?”

“आलं की.”

“पण कसं?”

आजोबा गप्प. पाच-सहा वर्षं ते त्याला पाढे विचारत होते. त्यांना हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता. मी वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“पावणेतीन म्हणजे तिनाला पाव कमी. तीन क्विंटलचे साडेचाळीस हजार. पाव क्विंटलचे काढ. साडेतेराचे निम्मे पावणेसात हजार. त्याचे निम्मे तेहेतीसशे पंच्याहत्तर. ते वजा कर.”

मुलाने लिहिलं. ४०,५०० − ३,३७५ = ३७,१२५. मग पुस्तकातल्या रीतीने केलं: २ पूर्णांक ३/४ म्हणजे ११/४, गुणिले १३,५००. उत्तर तेच. तो दोन्ही ओळींकडे बराच वेळ बघत राहिला. “म्हणजे हे तीन छेद चार म्हणजे पाऊण?” घड्याळात पावणेतीन त्याला कळत होते, पुस्तकातले ३/४ त्याने कधी पाऊण म्हणून वाचलेच नव्हते. पावणेदोन गुणिले आठ दिलं, तर म्हणाला, “सोळातून दोन गेले, चौदा.” ओठ हलले नाहीत.

आता १/३ आणि १/४ कडे परत आलो. इथे आजोबा अडले. पेढीवरचा सगळा हिशेब पाव, निम्मे, पाऊण यांत. तिसऱ्या हिश्श्याचा पाढा त्यांच्याकडे नव्हता. मी चौकटीच्या वहीतली बारा चौकटींची पट्टी कापून मुलाला दिली आणि म्हटलं, आबांना तू दाखव. त्याने तिसरा हिस्सा रंगवला, चार चौकटी. पाव रंगवला, तीन. सात झाल्या, बारापैकी सात. मग मी त्याचं जुनं उत्तर पुढे ठेवलं: २/७ हे १/३ पेक्षाही कमी भरतं.

“तिसरा हिस्सा आणि वर पाव घेऊन तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी?” आजोबा म्हणाले. “अशी हिशेबपट्टी केली असती तर मालकानं दुसऱ्या दिवशी पेढीची पायरी चढू दिली नसती!” मुलगा मोठ्याने हसला. आई म्हणाल्या होत्या की गणिताचं पुस्तक उघडलं की याचं पोट दुखतं; त्या आता नुसत्या बघत होत्या.

इथपर्यंत सगळं चांगलं झालं. मला छळतंय ते पुढचं.

पुढच्या चाचणीत २ पूर्णांक ३/४ गुणिले १२ आलं. त्याने लिहिलं: ३६ − ३ = ३३. उत्तर बरोबर. त्याखाली लाल शाईत ‘रीत चुकीची’ आणि अर्धे मार्क कापलेले. आजोबा पेपर घेऊन एकटेच माझ्याकडे आले. रागाने हात थरथरत होते. “माझी रीत खोटी होय, बाई?”

ती रीत खोटी नाही. (३ − १/४) × १२ म्हणजे ३ × १२ वजा १/४ × १२, हा वितरणाचा नियम आहे, त्यावर उद्याचं सगळं बीजगणित उभं राहणार आहे. वर्गात साठ मुलं, त्यात सर्वेक्षणं, माहिती भरणं, पेपर नमुना उत्तर शेजारी ठेवून तपासणं: शिक्षकाच्या जागी मी बसलेली आहे, तो भार मला माहीत आहे. तरीही बरोबर उत्तराला चूक म्हणण्याआधी ‘कसं केलंस?’ विचारायला अर्धं मिनिट लागतं. अकरा वर्षांच्या मुलाने पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने गणित सोडवलं, आणि त्याच्या आजोबांची आयुष्यभराची विद्या लाल शाईने खोडली गेली. याला मी कामाचा ताण म्हणून सोडून देऊ शकत नाही.

मुलाने मला विचारलं, “मग आबांची रीत परीक्षेत लिहायची नाही का?” मी म्हटलं, लिहायची. फक्त आधी एक ओळ लिही: २ पूर्णांक ३/४ = ३ − १/४. म्हणजे वाचणाऱ्याला तू कुठून आलास ते दिसेल. तपासणाऱ्याने ती ओळ वाचली नाही, तर पुस्तकाची रीतही तुला येतेच. हे सांगितलं खरं, पण शाळेशी बोलायचं काम मी अकरा वर्षांच्या पोरावर ढकललं का, हा प्रश्न सुटत नाही.

पाढे अजून रोज होतात, आता मधूनच सुरू होतात. आठ सातेवरून आठ आठे, तिथून मागे. आणि आजोबांनी शाळेत जायचं ठरवलंय. मी त्यांना म्हटलं, जा, पण सरांना दोन्ही रीतींची वही दाखवा आणि बोलायचं काम नातवाला करू द्या. ते येत्या सोमवारी जाणार आहेत.