पाण्याखालची घळ

"दादा, गोळी घेतलीस ना?" मामेबहिणीने धक्क्यावरच विचारलं होतं. घेतली होती, पण बोटीत चढता चढता. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी बरीच आधी पोटात जावी लागते, हे पाकिटावर छापलेलं होतं. मी ते वाचलं तेव्हा आम्ही कॅलिफोर्नियातलं मॉस लँडिंगचं बंदर सोडलेलं होतं आणि मी कठड्याला धरून क्षितिजाशी डोळे बांधून उभा होतो.

कप्तानाला दया आली. त्याने मला केबिनच्या दाराशी आणून उभं केलं, तिथे हेलकावे कमी बसतात. त्यामुळे त्याच्या पुढ्यातला, खोली दाखवणारा पडदा मला आयताच दिसायला लागला. अर्ध्या तासात आकडा 200 फॅदमच्या पुढे गेला. फॅदम म्हणजे सहा फूट. किनाऱ्यावरची घरं अजून नुसत्या डोळ्यांनी मोजता येत होती आणि आमच्या पायांखाली साडेतीनशे मीटरहून जास्त पाणी होतं. पोटातलं ढवळणं मी क्षणभर विसरलो. क्षणभरच.

इथल्या मॉन्टेरे उपसागराच्या तळाशी एक घळ आहे, ग्रँड कॅन्यनच्या तोडीची. ती सुरू होते जवळजवळ बंदराच्या तोंडाशी आणि उतरत उतरत साडेतीन हजार मीटरच्या खाली जाते. खोल समुद्र गाठायला संशोधकांना एरवी जहाज घेऊन दूरवर जावं लागतं. इथे तो दाराशी आहे. ह्यूलेट-पॅकार्ड या संगणक कंपनीचे एक संस्थापक डेव्हिड पॅकार्ड यांनी 1987 साली या उपसागराच्या काठी एक संशोधन संस्था काढली ती यासाठीच. लोक तिला 'एम्बारी' म्हणतात. सकाळी जहाज न्यायचं, केबलच्या टोकाला बांधलेला यंत्रमानव खाली सोडायचा आणि संध्याकाळी परत यायचं. रोज जाता येतं, म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा जाता येतं. माझ्या मते इथल्या शोधांचं अर्धं श्रेय या 'पुन्हा पुन्हा'चं आहे.

एक गोष्ट मी निघण्याआधीच वाचली होती आणि तिच्यापायीच ही बोट धरली होती. 2007 च्या मे महिन्यात एम्बारीचे संशोधक ब्रूस रॉबिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या घळीत, सुमारे 1,400 मीटर खोलीवर, कपारीला चिकटून अंडी उबवणारी एक ऑक्टोपस मादी दिसली. एप्रिलच्या फेरीत ती तिथे नव्हती, त्यामुळे अंडी नुकतीच घातली असणार. अंगावरच्या व्रणांवरून ती ओळखू यायची. पुढे ते 18 वेळा तिथे गेले. दर वेळी ती तिथेच. कातडी फिकी पडत गेली, डोळ्यांवर पडदा आला, अंडी मात्र मोठी होत गेली. यंत्राच्या हाताने खेकड्याचा तुकडा पुढे केला, तर तिने ढुंकून पाहिलं नाही. सप्टेंबर 2011 मध्ये ती शेवटची दिसली. पुढच्या महिन्यात कपारीला फक्त अंड्यांची फाटकी टरफलं होती. एकूण 53 महिने. इतका काळ अंडी राखणारा दुसरा प्राणी कोणाच्या नोंदीत नव्हता.

बहिणीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "आणि तुला तीन तास बोटीत धड उभं राहता येत नाहीये."

इतका वेळ का लागावा? थंडीमुळे. तिथलं पाणी जेमतेम 3 अंश सेल्सिअस, त्यात अंड्यांची वाढ रेंगाळते. याचा उलटा पुरावाही इथूनच जवळ सापडला. डेव्हिडसन या बुडालेल्या पर्वताच्या पायथ्याशी, 3,200 मीटरवर, 2018 मध्ये हजारो ऑक्टोपस एकत्र बसलेले दिसले. आजूबाजूचं पाणी 1.6 अंशांचं, पण नेमक्या त्या कपारींतून कोमट झरे पाझरतात. 2023 मध्ये छापून आलेल्या अभ्यासानुसार त्या उबेत पिल्लं दोन वर्षांच्या आतच बाहेर पडतात. नुसत्या थंड पाण्यात तिथे पाच-आठ वर्षंही लागली असती.

हे सगळं अर्थातच मला दिसलं नाही. दिसला तो एक हंपबॅक देवमासा, बोटीपासून हाकेच्या अंतरावर. आधी फुस्स करून फवारा, मग काळी ओली पाठ, मग शेपटी. देवमाशाच्या फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे त्याच्या श्वासाचा वास. वारा आमच्याकडेच होता. कुजक्या मासळीचा तो भपकारा नाकात गेला आणि उशिरा घेतलेल्या गोळीचा उरलासुरला परिणामही संपला. पुढची पंधरा मिनिटं लिहिण्यासारखी नाहीत.

दुपारी जमिनीवर पाय टेकले की मॉन्टेरेचं मत्स्यालय. डबाबंद सार्डीनच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर ते 1984 मध्ये उघडलं. सार्डीन संपले तसे इथले कारखाने एकामागून एक बंद पडले होते. खोल समुद्राच्या अंधाऱ्या दालनात मी सर्वात जास्त रेंगाळलो. तिथून बाहेर येऊन बाकावर बसलो आणि फोनवर पुन्हा एकदा एम्बारीची एक चित्रफीत पाहिली: काचेसारखा पारदर्शक जीव, पुढे भलीमोठी टोपी, मागे झालरीची शेपटी. टोपी मिटून तो भक्ष्य पकडतो, धोका दिसला की चमकतो. पहिल्यांदा तो दिसला 2000 साली. त्याला नाव मिळालं 2024 मध्ये, बॅथीडेव्हियस. मधली चोवीस वर्षं लोक त्याला 'गूढ गोगलगाय' अशा अर्थाच्या नावाने ओळखायचे. मला ते जुनंच नाव बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मॉन्टेरेच्या शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावी ओहोटी गाठली. धुकं इतकं की लाटा आधी ऐकू यायच्या, मग दिसायच्या. खडकांमधल्या डबक्यांपाशी उकिडवा बसलो. हिरवी समुद्रफुलं, शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, आणि जांभळे-केशरी तारामासे. तारामासे मी मोजले: अकरा. मला हवा होता तो सूर्यफुलासारखा, वीसहून जास्त हातांचा, मीटरभर रुंद. तो नव्हता, हे ठाऊकच होतं. 2013 पासून पसरलेल्या रोगात त्याच्या जातीचे अब्जावधी प्राणी गेले. आधी अंग वेडंवाकडं होतं, मग हात गळून पडतात, आणि गळलेला हात काही वेळ आपला आपण सरकत राहतो. आधी संशय विषाणूवर गेला होता. ऑगस्ट 2025 मध्ये गुन्हेगार नक्की झाला: एक जिवाणू, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा, कॉलऱ्याच्या जंतूचा भाऊबंद. तो सापडला शरीरातल्या द्रवात.

हा तारामासा सी अर्चिन, म्हणजे काट्यांच्या गोळ्यांसारखे दिसणारे प्राणी, खायचा. तो गेल्यावर अर्चिन माजले आणि केल्पची, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाची, पाण्याखालची जंगलं त्यांनी खरवडून काढली. मॉन्टेरेत काही पट्टे टिकले ते समुद्री पाणमांजरांमुळे. गंमत म्हणजे पाणमांजर ओसाड तळावरचे अर्चिन खात नाही. केल्प संपल्यावर हे अर्चिन उपाशीपोटी आतून पोकळ होतात, पण मरत नाहीत. जंगलातले भरलेले तेवढे पाणमांजर निवडतं. म्हणजे उरलेलं वाचतं, गेलेलं परत येत नाही.

निघण्याआधी तिसऱ्या सकाळी पुन्हा त्याच डबक्याशी गेलो, पन्नासेक मिनिटं उशिरा, कारण ओहोटीही रोज तेवढी सरकते. या वेळी तारामासे नऊच मोजता आले. दोन कुठे गेले म्हणून मी वाकून कपार बघत होतो, तेवढ्यात बाहेरच्या केल्पमधून टक् टक् टक् असा आवाज आला. पाणमांजर पाठीवर तरंगत होतं, पोटावर दगड, आणि दोन्ही पंजांत धरलेलं काहीतरी ते त्यावर आपटत होतं. काय होतं ते धुक्यात दिसलं नाही.

"दादा, बूट!" बहीण ओरडली. भरती घोट्यापर्यंत आली होती.