बोल्ड ९०००: कुलूप माझं, हुकूम दुसऱ्याचा

माझ्या जुन्या ब्लॅकबेरी बोल्ड ९००० च्या ट्रॅकबॉलचं, म्हणजे कर्सर फिरवणाऱ्या गोळीचं, रडगाणं एकदाचं संपलं. भोवतीची कडी उचकटली, गोळी बाहेर काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन बोळे काळेकुट्ट केले आणि ती पुन्हा चारी दिशांना पळायला लागली. बॅटरी नवी घेतली. एम-एस१, वर १५०० एमएएच छापलंय, आत किती आहे ते देव जाणे. म्हणजे आता खरं काम: फोन नीट लावणं आणि त्याला आपलं कुलूप घालणं.

फोन जुन्या बाजारातला, रविवारचा. विकणारा स्वतःच म्हणाला, "लॉक आहे साहेब, पार्टसाठी न्या." चालू केल्यावर लॉक स्क्रीनवर मूळ मालकाचं नाव आणि एक लँडलाइन नंबर. लावून पाहिला, अस्तित्वातच नाही. मग आतलं काही बघायच्या फंदात न पडता सरळ पुसायचं ठरवलं.

ब्लॅकबेरीत पासवर्ड माहीत नसला तरी पुसता येतं: दहा वेळा चुकायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण फोन तुम्हाला गाफील चुकू देत नाही. अर्ध्यावर आलात की 'blackberry' हा शब्द जसाच्या तसा टाइप करायला लावतो, म्हणजे खिशात बटणं दाबली जाऊन कुणाचा डेटा उडू नये. त्यानंतरचे प्रयत्न ठिपक्यांऐवजी अक्षरांत दिसतात. दहावी चूक झाली आणि पुसणं सुरू. मी चहा करून, पिऊन, कप विसळून आलो तरी चालूच होतं.

पुसून उठला आणि पहिलंच वाक्य: नवा पासवर्ड ठेवा. ठेवला, तर म्हणतो आखूड आहे. वाढवला, तर आकडा हवा. सेटिंगमध्ये जाऊन पासवर्ड बंद करायला गेलो, तर त्या ओळीपुढे छोटंसं कुलूप! टाइमआउटही एका मर्यादेपलीकडे वाढेना. सिक्युरिटीच्या पानावर पाहिलं तेव्हा उलगडा झाला. मूळ मालकाच्या कंपनीची आयटी पॉलिसी, म्हणजे तिने फोनवर लादलेले नियम, अजून आत बसलेली. डेटा गेला, ती गेली नाही. मुद्दामच तशी रचना आहे: हुकूम कंपनीच्या एंटरप्राइज सर्व्हरवरून येणार, वापरणाऱ्याने फोन पुसून त्यातून सुटका करून घ्यायची नाही. ती कंपनी आज आहे की नाही कोण जाणे, पण तिचा आयटीवाला माझ्या टेबलावर बसून मला आठ अक्षरं मोजायला लावत होता.

यावर जुना, पक्का उपाय आहे. एक्सपीवाला लॅपटॉप काढला, ब्लॅकबेरीचा डेस्कटॉप मॅनेजर टाकला आणि लगेच बंद केला, कारण आपल्याला हवा आहे तो त्याच्यासोबत येणारा, फोनवर सॉफ्टवेअर चढवणारा लोडर. तो प्रोग्राम फाइल्समध्ये, कॉमन फाइल्सच्या आत, रिसर्च इन मोशनच्या (रिम, म्हणजे ब्लॅकबेरी बनवणारी कंपनी) अ‍ॅपलोडर फोल्डरमध्ये असतो. कमांड प्रॉम्प्टवरून लोडर चालवायचा, पुढे तिरकी रेघ आणि 'रिसेटटूफॅक्टरी' हा शब्द इंग्रजीत, एकसलग. पहिल्या खेपेला यूएसबीची वायर दगा देत होती. मिनी यूएसबी असल्यामुळे घरात जुन्या कॅमेऱ्याची दुसरी सापडली. तिने काम केलं. फोन परत उठला तेव्हा पासवर्डच्या ओळीपुढचं कुलूप गायब होतं. आठ अक्षरांचा तो जाच संपला आणि मी आनंदाने चौदा अक्षरांचा पासवर्ड ठेवला!

आता माझी बाजू. माझ्या मते या फोनचा खरा दागिना म्हणजे कंटेंट प्रोटेक्शन, फोनमधला डेटा एन्क्रिप्ट करून ठेवणारी सोय. चालू करताना फोन म्हणतो, गोळी फिरवा, बटणं दाबत राहा. तुमच्या या वेडेवाकड्या हालचालींतून तो किल्लीसाठी रँडम डेटा गोळा करतो. हा दीड मिनिटाचा खेळ मी तीनदा खेळलो, गरज नसताना. आतला डेटा एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीने बंद होतो. पण फोन लॉक असताना येणाऱ्या मजकुराचं काय? तेव्हा पासवर्ड हाताशी नसतो. म्हणून तो पब्लिक कीने, म्हणजे फक्त कुलूप लावू शकणाऱ्या किल्लीने, बंद करून ठेवतात आणि उघडणारी प्रायव्हेट की पासवर्डमागे राहते. 'स्ट्राँग', 'स्ट्राँगर', 'स्ट्राँगेस्ट' या तीन पायऱ्या म्हणजे त्या किल्लीजोडीची (पद्धतीचं नाव एलिप्टिक कर्व्ह) लांबी: १६०, २८३ आणि ५७१ बिट. मधल्या पायरीला निदान १२ अक्षरांचा पासवर्ड ठेवा आणि शेवटच्या पायरीला २१ अक्षरांचा, असा सल्ला कंपनीच्याच पुस्तिकेत होता. एकवीस अक्षरं अंगठ्याने, दिवसातून पन्नास वेळा! मी मधल्या पायरीवर थांबलो.

इथे एक फटका बसला, तो सांगून ठेवतो. कॉन्टॅक्ट्सही या संरक्षणात घेतले की लॉक असताना आलेल्या फोनवर नाव दिसत नाही, नुसता नंबर. बरोबरच आहे, नावांची वहीच बंद आहे. आईचा फोन मी दोनदा कुठल्यातरी लोनवाल्याचा समजून कापला. संध्याकाळी जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. कॉन्टॅक्ट्स बाहेर काढले.

मेमरी कार्डाच्या बाबतीत मात्र घाई करू नका. कार्ड एन्क्रिप्ट करताना किल्ली डिव्हाइसची घ्यायची की पासवर्डची, असा पर्याय येतो. २०११ मध्ये एल्कमसॉफ्टने (पासवर्ड शोधायची साधनं बनवणारी कंपनी) दाखवलं की पासवर्डवर बांधलेलं कार्ड हाती लागलं, तर संगणकावर बसून फोनचा पासवर्ड शोधता येतो, फोन न लावता. म्हणजे दहा चुकांची ती सगळी शिस्त मागच्या दाराने वाया. मी डिव्हाइसची किल्ली घेतली. फोन मेला तर कार्डावरचे फोटोही गेले, हे मान्य करून. डेस्कटॉपवरचा बॅकअपही त्या काळचा कच्चाच होता. पासवर्डवरून किल्ली बनवताना जी क्रिया हजारो वेळा घोटायला हवी, ती तिथे एकदाच होत असे. बॅकअप घेतलाच तर तो पेनड्राइव्हवर कपाटात.

सिम बॅटरीखाली, मोठ्या आकाराचं, त्यामुळे नॅनोला अडॅप्टर. जिओचं चालणार नाही, त्यांच्याकडे टूजी नाही. दुसरं घातलं, कॉल आणि एसएमएस लागले. ऑल्ट धरून एन, एम, एल, एल दाबलं की रेंजच्या काड्यांऐवजी डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा दिसतो. आमच्या स्वयंपाकघरात उणे ९७.

पण कोपऱ्यातलं 'edge' हे मोबाइल नेटवर्कचं नाव लहान अक्षरांत आहे आणि लहानच राहणार. मोठ्या अक्षरांत दिसलं की फोन ब्लॅकबेरीच्या जाळ्याला जोडलाय, अशी ती खूण होती. ४ जानेवारी २०२२ ला ब्लॅकबेरीने जुन्या फोनांच्या सेवा थांबवल्या. लोकांना वाटतं हा फोन सुरक्षित होता. खरं तर सुरक्षित होतं ते नोकरीच्या कंपनीच्या सर्व्हरपासून फोनपर्यंतचं बंद नळकांडं, आणि त्याची किल्ली रिमकडेही नव्हती. २०१० मध्ये आपल्या सरकारने संदेश तपासायची सोय मागत ३१ ऑगस्टची मुदत देऊन रिमला जेरीस आणलं ते यावरूनच. पुढे २०११ मध्ये मुंबईत तशी सोय उभी राहिली, पण कंपन्यांची मेल त्यात आली नाही. आणि कॉलेजची पोरं ज्या पिन मेसेजवर (एका ब्लॅकबेरीवरून दुसऱ्या ब्लॅकबेरीला थेट जाणारे संदेश) विश्वास टाकत होती, त्याची किल्ली जगभरच्या सगळ्या फोनांत एकच होती.

वाय-फायही लावलं, घरच्या राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क करून. फोन टीएलएस (संकेतस्थळाशी बोलणं सुरक्षित ठेवणारी पद्धत) १.० च्या पुढे जाणत नाही, त्यामुळे आजची बहुतेक संकेतस्थळं दारातूनच परत पाठवतात. याला माझं कुठलंही खरं खातं दिलेलं नाही, देणारही नाही.

राहिली होल्स्टरची, म्हणजे फोन ठेवायच्या पाऊचची, गंमत. कातडी पाऊचमध्ये लोहचुंबक असतो, फोन आत गेला की झोपतो, आणि 'होल्स्टरमध्ये जाताच लॉक' हा पर्याय लावला की कुलूपही पडतं. माझ्याकडे पाऊच नाही. फ्रिजवरचा गणपती काढून फोनच्या कडेने फिरवत नेला, एका जागी स्क्रीन विझली. पेन्सिलने खूण केली आहे. पाऊच शिवून घ्यायचंय, लक्ष्मी रोडवरचा एक कारागीर तयार आहे, चुंबक कुठे बसवायचा ते फक्त मी सांगायचंय.